मामांच्या वखारीची तूट

दादांना कारखान्यातले कामगार पाठीमागे 'टिचकी' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण नाव मात्र मापाने बेतल्यासारखं बसलं होतं. फळी दिसली की हा माणूस बोटाच्या पेराने ती वाजवणार, कान जवळ नेणार आणि तोंड वाकडं करणार. फळीचं एक वेळ समजू शकतो, दारं-चौकटी करणाराच तो. पण दादा भिंती वाजवायचे, दुधाचे डबे वाजवायचे. एकदा दवाखान्यात डॉक्टर नाडी बघत होते, तर यांनी मोकळ्या हाताने डॉक्टरांचं टेबल वाजवून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "अस्सल लाकूड म्हणून दिलंय का हो तुम्हाला? आत भुसा भरलाय सगळा." डॉक्टरांना नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. "एक दिवस ते कुलूप कंटाळून आपणहून उघडेल," असं वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे दादांची बायको, पण सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणतो, तर आपणही म्हणू. आणि कुणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगितलं, तरी दादांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "नक्की ना?"

हा संशय काही आभाळातून पडला नव्हता. दादांचे वडीलही याच धंद्यातले. त्यांनी एकदा जिवलग मित्राच्या शब्दावर लाकूड घेतलं, पुरतं सुकलेलं म्हणून. निघालं ओलं. गिऱ्हाइकाच्या घरातली सगळी दारं वर्षाच्या आत वाकली. म्हाताऱ्याने पदरमोड करून एकेक दार नव्याने बसवून दिलं, आणि त्याबद्दल मित्राला एक शब्दही विचारला नाही. "मित्र आहे रे, तो असं मुद्दाम कसं करेल?" हे ऐकत दादा मोठे झाले, आणि त्यांनी कानाला असा खडा लावला की पुढे कुणाचाही शब्द त्या कानात सरळ शिरला नाही.

वडिलांमागे कारखाना दोघा भावांनी चालवला. पुढे कारखाना, मागे घर. धाकटा गिऱ्हाइकं सांभाळायचा, हसतमुख गडी. दादा करवतीपाशी आणि खरेदीला. खरेदी म्हणजे तर मोहीमच! पुलाजवळची वखार घनफुटाने भाव सांगायची, स्टेशनामागची रनिंग फुटाने, आणखी कुणी नगावर. एकाच्या भावात गाडीभाडं धरलेलं, दुसऱ्याच्या नाही. एकाची दोन इंची फळी खरोखर दोन इंच, दुसऱ्याची रंधा लागायच्या आधीच पावणेदोन. गिऱ्हाइकाच्या डोक्याचा भुगा व्हावा म्हणून हे लोक ठरवून असं करतात, अशी दादांची पक्की खात्री होती. कानावर पेन्सिल खोचून ते या वखारीतून त्या वखारीत फिरायचे, पुटपुटत गुणाकार करायचे, आणि घरी येईपर्यंत पहिला आकडा विसरून पुन्हा तिथेच जायचे.

धाकट्याची बायको लग्नाआधी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. म्हणून दादांनीच तिला नाव पाडलं होतं, मास्तरीणबाई. थट्टेने पाडलं, पण बोलायचे आदरानेच. तर दादांचा हा पुटपुटता संसार बघून मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या, "दादा, हे सगळं एका मापात आणता येईल. मी करून देते."

आणि दिलं की करून! बाजारातून आणलेलं काही नाही, जुना कॉम्प्युटर घेऊन, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून, घरच्या घरी केलेलं. प्रत्येक वखारीबद्दल ते एकामागून एक साधे प्रश्न विचारायचं. माप कुठलं, भाव काय, गाडीभाडं किती, आणि शेवटी, तूट किती. तूट म्हणजे आणलेल्या मालातला जो भाग गाठी, चिरा, कच्चं पांढरं लाकूड म्हणून कापून फेकावा लागतो तो. एवढं सांगितलं की खाली उत्तर यायचं. एका दारामागे लाकूड कितीला पडेल, आणि सगळ्यांत स्वस्त वखार कुठली. मास्तरीणबाईंनी त्याला नाव दिलं 'तुलना'. कारखान्यातले लोक दुसऱ्याच दिवसापासून 'तुलनाताई' म्हणायला लागले. "तुलनाताई काय म्हणतात आज?" असं विचारूनच कामाला सुरुवात व्हायची.

माहिती भरायच्या दिवशी मास्तरीणबाई विचारत होत्या आणि दादा सांगत होते. सांगत कसले, एकेकाचा उद्धार करत होते. "पुलाजवळचा? दरोडेखोर आहे तो! तूट पंचवीस टक्के लिहा. स्टेशनामागचा? याचाही गुरू. तीस लिहा, तीस!" वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी मास्तरीणबाईंच्या मामांच्या वखारीची पाळी आली. गावाबाहेर, नवीनच काढलेली. तिथे मात्र दादांची गाडी एकदम गुळगुळीत रस्त्याला लागली. घरच्या सुनेच्या तोंडावर तिच्या माहेरच्या माणसाबद्दल वाकडं कसं बोलायचं? दोन गोड शब्द बोलून त्यांनी तो विषय उरकला आणि चहाचा कप उचलला.

पहिल्या खेपेला तुलनाताईंनी मामांचीच वखार सगळ्यांत स्वस्त दाखवली. "छान," दादा म्हणाले. माल घेऊन मामा स्वतः आले, गाडीपाशी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "पाहुणे, बघून घ्या हं माल!" दादांचं बोट सवयीने वर आलं, आणि तसंच खाली गेलं. पाहुण्यांच्या लाकडाला त्यांच्या डोळ्यांदेखत टिचकी मारायची? बरं दिसतं का ते? "तुमच्याकडचं काय बघायचं!" म्हणून दादांनी माल उतरवून घेतला.

दुसऱ्या खेपेलाही मामाच स्वस्त. "हं," दादा म्हणाले. तिसऱ्या खेपेलाही मामाच वर आले, आणि मग दादांच्या मनात शंकेची पाल अशी चुकचुकली की त्यांना जेवण गोड लागेना. एकच माणूस दर वेळी स्वस्त? लबाडातला लबाड माणूसही कधीतरी महाग होतो की! यंत्राला काय, जे शिकवलं ते बोलणार. आणि शिकवलं कुणी? मामांच्या भाचीने!

झालं. दादांनी डोळ्यांत तेल घातलं. मास्तरीणबाईंसाठी कारखान्याच्या एका कडेला काचेची छोटी खोली केली होती. दादांनी आपलं स्टूल फिरवून असं ठेवलं की तोंड काचेच्या खोलीकडे आणि पाठ करवतीकडे. आयुष्यभर ज्या करवतीवरून नजर हलली नव्हती ती आता कामगारांवर सोडून हे बघत बसले ते मास्तरीणबाई कुठली बटणं दाबतात ते. त्यांच्या पायात नव्या चपला दिसल्या, दादांनी मनात टिपलं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी आणल्यात तिला." मामा एकदा भाचीला भेटायला फळांची पिशवी घेऊन आले. ते गेल्यावर दादांनी पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपून पाहिला. तळाशी एक पिचकी मोसंबी होती. हात चिकट झाला, एवढंच.

"अहो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" वहिनी चिडल्या. "सोन्यासारखी पोरगी आहे!"

"सोनंही कसाला लावून घेतात," दादा म्हणाले.

"आणि तुम्ही कधी लागणार कसाला?" असं विचारून वहिनींनी पिशवी उचलून आत नेली.

हे असंच चाललं असतं, पण मग मोठं काम आलं. वसतिगृहाची नवी इमारत, आणि तिची झाडून सगळी दारं यांच्याकडे. एवढं काम वडिलांच्या काळातही कधी आलं नव्हतं. चांगलं उतरलं तर दोन्ही संसारांची चिंता मिटणार होती. दार वाकलं तर वडिलांच्या वेळची गोष्ट पुन्हा घडणार होती, फक्त कितीतरी मोठी. तुलनाताईंना विचारलं. तुलनाताई म्हणाल्या, मामा.

दादा उखडले. "बघ! बघ पुन्हा! यात काहीतरी काळंबेरं आहे म्हणजे आहे!"

धाकटा आजवर हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी तो हसला नाही. "दादा, माझ्या बायकोबद्दल तू किती दिवस हे पुटपुटतोयस ते सगळं कळतंय मला. पुरावा असेल तर समोर ठेव. नसेल तर तोंड मिटून घे. पुन्हा एकदा जरी बोललास ना, तर कारखान्याचे दोन भाग करू, आणि तू तुझ्या भागात बसून हवा तेवढा संशय घेत बस."

पुरावा! दादांना काय, हेच पाहिजे होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी, घरातली मंडळी जेवून आडवी झाल्यावर, दादा काचेच्या खोलीत शिरले. बटणं कशी दाबायची ते मास्तरीणबाईंनीच कौतुकाने शिकवलं होतं. त्यांनी तुलनेत एक वखार घातली, जगात कुठेच नसलेली. नाव दिलं 'नवी वखार'. मग मामांचं भावपत्रक समोर ठेवून एकेक उत्तर भरलं. माप मामांचंच, भाव मामांचाच, गाडीभाडंही तेच, पैचा फरक नाही. आता बघू! सगळं सारखं असताना जर मामाच स्वस्त निघाले, तर चोरी उघडी. शेवटचा प्रश्न आला, तूट किती. ती काही भावपत्रकात नसते. दादांच्या हाताने सवयीने पंचवीस टाकले.

उत्तर आलं. मामा वर. नवी वखार खाली, चांगलीच खाली.

दादांनी मांडीवर थाप मारली, आणि तिथूनच हाका मारायला सुरुवात केली. "या! सगळे या! पुरावा पाहिजे होता ना?" धाकटा बनियनवर धावत आला. वहिनी पदर सावरत आल्या. सगळ्यांत मागून मास्तरीणबाई आल्या, झोपमोड झालेली, काही कळत नव्हतं त्यांना.

"हा भाव मामांचा," दादा बोट आपटत म्हणाले, "आणि हा माझ्या नव्या वखारीचा. एकच आहे की नाही? भाडं? एकच! मग तुमचे मामा स्वस्त कसे, मास्तरीणबाई? तुम्ही याच्या पोटात काय घालून ठेवलंय ते सांगा आता सगळ्यांसमोर! आमचं खाऊन मामाचं घर भरताय तुम्ही!"

बोलले एकदाचे. कित्येक महिने पोटात ठेवलेलं सगळं ओठावर आलं. धाकटा पुढे सरसावला, पण मास्तरीणबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"तूट किती टाकलीत, दादा?"

"पंचवीस. नेहमीची!"

"मामांच्या वखारीसमोर किती आहे, बघा बरं."

दादांनी बघितलं. शून्य. क्षणभर त्यांचे डोळे लकाकले. "शून्य! ऐकलंत? शून्य लावून ठेवलंय मामांना! अहो, शून्य तूट देवाच्या घरच्या लाकडालासुद्धा नसते! सापडली की नाही चोरी?"

"कुणी सांगितलं होतं शून्य?" मास्तरीणबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

दादा काही बोलायच्या आतच वहिनी बोलल्या, "अहो, तुम्हीच की!"

"मी?"

"तुम्हीच. मी चहा घेऊन शेजारीच उभी होते. हिने विचारलं, मामांची तूट किती लिहू? तुम्ही म्हणालात, छे छे, मामा म्हणजे घरचं माणूस, त्यांना कसली तूट, शून्य लिहा शून्य. आणि कप उचललात. मला आठवतंय, कारण मनात म्हटलं, आज यांना गोड बोलायचा झटका कुठून आला!"

दादांना आठवलं. कपाची उष्णता आठवली, मास्तरीणबाईंचं हसू आठवलं, आणि आपलेच गोड शब्द आठवले. बाकीच्या वखारींना त्यांनी रागाच्या भरात तूट वाढवून लावली होती, आणि मामांना भिडेपोटी काहीच नाही. बिचाऱ्या तुलनाताई! त्या इतके दिवस दादांचाच शब्द प्रमाण मानून चालल्या होत्या. दादांच्या शब्दावर इतका विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता.

"मी मामांची भाची आहे, दादा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण या घरात येऊन मला किती वर्षं झाली! त्याचा काही भाव तुम्ही कुठे धरला की नाही? खरी तूट कुणीतरी सांगेपर्यंत मी या यंत्राला हात लावणार नाही." आणि त्या गेल्या.

धाकटा तडक करवतीपाशी गेला. खुंटीवरची निळीची दोरी काढली, ती चौकटीवर रेघ मारायची. एक टोक फाटकापाशी खिळ्याला अडकवलं, दुसरं मागच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं, आणि फटकन सोडली. कारखान्याच्या जमिनीवर मधोमध निळी रेघ उमटली. करवत रेघेच्या अलीकडे, काचेची खोली पलीकडे.

"गवंड्याला सांगून ठेवतो," तो म्हणाला. "भिंत इथे येईल."

त्यानंतर घरात भांड्यांचे तेवढे आवाज. वहिनी दादांना वाढायच्या, पण ताट पुढे सरकवताना बघायच्या भिंतीकडे. कामगार रेघ ओलांडावी की नाही या विचाराने आधी इकडे बघायचे, मग तिकडे. वसतिगृहाचे लोक लाकूड कधी येणार म्हणून फोन करत होते, आणि फोन कुणी उचलायचा हेही ठरत नव्हतं. दादा बाहेर जाताना कुलूप लावायचे आणि न ओढताच चालू लागायचे.

तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून दादा कारखान्याच्या मागे गेले. तिथे टाकाऊ तुकड्यांचा ढीग होता, जळणासाठी ठेवलेला. त्यावर बसले. मग हाताला चाळा म्हणून एक तुकडा उचलला आणि टिचकी मारली. बद्द आवाज आला. दुसरा उचलला. तोही बद्द. दादांनी तुकडा उलटून पाहिला.

आता एक सांगायचं राहिलं. प्रत्येक वखार आपल्या फळीच्या टोकाला आपला रंग लावते, माल कुणाचा ते कळावं म्हणून. पुलाजवळच्याचा लाल, स्टेशनामागच्याचा निळा, मामांचा पिवळा. फळी कापायला घेतली की आधी हे टोक उडवतात, चीर संपून निकोप लाकूड लागेपर्यंत. म्हणजे रंगाचं टोक असलेला तुकडा जेवढा लांब, तेवढी ती फळी टोकाशी खराब.

दादांनी ढीग उपसायला घेतला. आधीच्या खरेदीतले निळ्या टोकांचे तुकडे बोटभर. लालांचे फार तर वीतभर. आणि पिवळे? हातभर, काही तर त्याहून लांब! आत चिरा, कडेने पांढरं कच्चं लाकूड. महिनोन्महिने हे सगळं त्यांच्या पाठीमागे कापलं जात होतं आणि ते काचेतून मास्तरीणबाईंची बोटं बघत बसले होते.

क्षणभर छाती फुगली. होतंच की काळंबेरं! माझी पाल खोटं चुकचुकत नाही! आणि दुसऱ्याच क्षणी छाती खाली बसली. कारण हे आता सांगणार कुणाला? परवा-परवाच तर तिला चोर ठरवून तोंडघशी पडलो. आज जाऊन म्हणायचं, तुमच्या मामांचा माल भिकार आहे? कोण ऐकेल? आणि मनात एक गुळमुळीत आवाजही आला. गप्प बसावं. मामांचा माल येऊ द्यावा, दारं लागतील तशी लागतील, निदान घरात आणखी एक भांडण नको. दादांनी तो आवाज ओळखला. चहाचा कप हातात घेऊन 'शून्य लिहा' म्हणाला होता, तोच हा.

ते उठले. तीन रंगांचे तीन तुकडे काखेत घेतले आणि घराच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मास्तरीणबाई ओट्यापाशी होत्या.

"चुकलं माझं," दादा म्हणाले. ते असं काही बोलल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे वहिनींच्या हातातली झाकणी खाली पडली. "तुमच्यावर नको तो आळ घेतला. शून्य मीच सांगितलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं."

"वाईट वाटलं असतं," मास्तरीणबाई मागे न वळता म्हणाल्या. "पण चोर म्हणवून घ्यावं लागलं त्यापेक्षा कमीच वाटलं असतं."

दादांनी तुकडे ओट्यावर ठेवले, रंगाची टोकं त्यांच्याकडे करून. "आता तेच वाईट वाटायचं सांगायला आलोय. मामांचा माल बरा नाही. पिवळ्याचा तुकडा बघा केवढा कापावा लागलाय. आणि स्टेशनामागच्याला मी तीस टक्के म्हणालो होतो, ते नुसतं तोंडाला येईल ते होतं. त्याचं लाकूड चांगलं आहे."

मास्तरीणबाईंनी पिवळ्या टोकाचा तुकडा हातात घेतला. चिरेत नख घालून पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"मी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, दादा."

खरंच, एवढंच तर विचारलं होतं.

"अंदाज नकोत आता," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "मोजून सांगा."

मग दादा दिवसभर ढिगाशी बसले, एकेक तुकडा फितीने मोजत. दुपारनंतर धाकटा येऊन शेजारी उकिडवा बसला. लाल, निळे, पिवळे वेगवेगळे करून पुढे सरकवायला लागला. मोजलेली तूट मास्तरीणबाईंनी तुलनेत भरली. उत्तर आलं. स्टेशनामागची वखार सगळ्यांत वर, ज्याला दादा दरोडेखोराचा गुरू म्हणाले होते ती! मामा तळाला.

मास्तरीणबाईंनी स्वतः मामांना फोन लावला. फोनमधून मामांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "माझा माल वाईट? कोण म्हणतं? भाचीच्या घरात असं बोलायची कुणाची हिंमत झाली?" मास्तरीणबाईंनी फोन कानापासून लांब धरला. दादांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी म्हणतो, मामा. तुमचे तुकडे ठेवलेत बाजूला. या एकदा, बसून बघू. पहिल्याच गाडीला वाजवून बघायला हवं होतं मी, भीड पडली. त्यात तुमच्या भाचीचा काही दोष नाही. उलट तिलाच मी भलतंसलतं बोललो." पलीकडून फोन आपटला गेला. मामा पुढे पुष्कळ दिवस फिरकले नाहीत, आणि मास्तरीणबाईंना त्याचं वाईट वाटलंच. ते काही तुलनाताईंच्या हिशेबात धरता येण्यासारखं नव्हतं.

स्टेशनामागच्या वखारीची गाडी फाटकात शिरली तेव्हा सगळे कामगार बाहेर आले. दादा गाडीवर चढले आणि गाडीवाल्याच्या नाकासमोर फळीमागून फळी वाजवायला लागले.

"काय हो, विश्वास नाही का?" गाडीवाला म्हणाला.

"नाही," दादा म्हणाले. "आणि राग मानू नका. आता पाहुण्यांचं लाकूडही वाजवणार आहे."

मागे कुणीतरी 'टिचकी' म्हणून फिसकन हसलं. दादांनी ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. सगळा माल वाजवून झाला. हमालाने पहिली फळी खांद्यावर घेतली आणि आत येऊन उभा राहिला. जमिनीवरची निळी रेघ त्याच्या पायाशी होती. त्याने एकदा करवतीकडे पाहिलं, एकदा काचेच्या खोलीकडे.

"कुठे टाकू, साहेब? या बाजूला की त्या?"

दादांनी धाकट्याकडे पाहिलं. रेघ त्याने मारली होती, सांगायचं त्याने. काचेच्या खोलीच्या दारात मास्तरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. धाकट्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"रेघेवरच टाक," तो म्हणाला. "सगळा माल तिथेच रच."

दादांच्या तोंडावर 'नक्की ना?' आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि पुढे होऊन फळीचं दुसरं टोक धरलं.